लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता एनएलआर ८.२ आला म्हणून किती घाबरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, राहायला कोथरूडला. हिपॅटायटिस बी असल्याचं लिव्हरची गाठ सापडली तेव्हाच कळलं. उजव्या बाजूची ५.५ सेंटिमीटरची एकच गाठ पाच आठवड्यांपूर्वी पुण्यातच ऑपरेशन करून काढली. ऑपरेशनआधी एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरची रक्तातली खूण, ६४० होतं, परवा केलं तर १४ आलं. मुलाने सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवरून स्वतःच एनएलआर काढला, म्हणजे न्यूट्रोफिलला लिंफोसाइटने (या दोन्ही पांढऱ्या पेशीच) भागलं, तर उत्तर आलं ८.२. एनएलआर ३ च्या वर असलेले रुग्ण ऑपरेशननंतर कमी जगतात असं त्याने नेटवर वाचलं. आता वडिलांकडे किती वेळ आहे आणि वरून इम्युनोथेरपीची इंजेक्शनं द्यावीत का, असं तो विचारतो आहे. सोबत तीन सीबीसी आणि एलएफटी (लिव्हरच्या कामाची रक्ततपासणी) जोडले आहेत.

आधी ८.२ चा निकाल लावू, कारण घरातल्या सगळ्यांची झोप त्याने उडवलेली दिसते.

तुम्ही जो सीबीसी धरला आहे त्यावरची तारीख बघा. तो ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशीचा आहे. पांढऱ्या पेशी ११,९००, न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिंफोसाइट १० टक्के. पोट उघडून लिव्हरचा भाग काढलेल्या कुणाचाही तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट साधारण असाच येतो. शरीरावर एवढा ताण आला की कॉर्टिसोल वाढतं, हाडांच्या मगजातून न्यूट्रोफिल भराभर बाहेर पडतात आणि लिंफोसाइट रक्तातून काही दिवस कमी होतात. त्यात उलट्या होऊ नयेत म्हणून भूल देताना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं असेल, तर हा फरक आणखी वाढतो. तुम्ही वाचलेल्या बहुतेक अभ्यासांत एनएलआर हा ऑपरेशनच्या आधीच्या रक्तावरून काढलेला असतो. तुमच्याच फायलीत तो सीबीसी आहे: पांढऱ्या पेशी ५,८००, न्यूट्रोफिल ५८, लिंफोसाइट ३१. अठ्ठावन्न भागिले एकतीस, १.८७. परवाच्या रिपोर्टवरून २.७५ येतो, पण मागच्या आठवड्यात लघवीला जळजळ आणि ताप होता असं तुम्हीच लिहिलं आहे, तेव्हा त्या आकड्यावरही काही बांधायला नको.

मग १.८७ आहे म्हणजे सुटलो का? तसंही नाही. ८.२ ने घाबरू नका असं मी सांगतोय, त्याच कारणाने १.८७ ने निर्धास्तही होऊ नका.

एनएलआरच्या मागचा विचार चुकीचा नाही. न्यूट्रोफिल गाठीभोवती जमून नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे घटक सोडतात, आणि लिंफोसाइट हे कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणारं सैन्य. पहिले वाढलेले आणि दुसरे घटलेले असले की गाठीला मोकळं रान मिळतं, असा तो तर्क आहे. हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या की जास्त एनएलआरवाल्यांचा गट मागे पडतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. कुठल्या आकड्याला ‘जास्त’ म्हणायचं यावर अभ्यासांचं एकमत नाही. कुणी २ धरतो, कुणी ३, कुणी ५. याचं कारण असं की बऱ्याच वेळा आपल्याच रुग्णांचा डेटा चाळून, जिथे दोन गटांत सगळ्यात मोठा फरक दिसेल तिथे रेघ मारलेली असते. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या कारणाने लिव्हर बिघडलेल्या रुग्णांना ती रेघ लावली की फरक आक्रसतो. हे काम मोठ्या प्रमाणावर चीन आणि जपानमध्ये झालेलं आहे, जिथे हिपॅटायटिस बी आणि सीचे रुग्ण भरपूर. आमच्या ओपीडीत आता दारू आणि मधुमेहाबरोबरच्या फॅटी लिव्हरवाले वाढत चालले आहेत, आणि त्यांच्या रक्तातली सूज मुळातच वेगळी असते.

आणि ‘कमी जगतात’ या शब्दांचा अर्थ नीट घ्या. फक्त समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा कमी एनएलआरच्या शंभर जणांपैकी पाच वर्षांनी ६० हयात आहेत आणि जास्त एनएलआरच्या शंभरांपैकी ४५. संशोधकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आलेखातल्या दोन रेषा स्पष्ट वेगळ्या दिसतील. पण ‘वाईट’ गटातले ४५ जगले आणि ‘चांगल्या’ गटातले ४० गेले. तुमचे वडील त्यातले कोणते, हे एनएलआर सांगू शकत नाही. आकडेशास्त्रात ही ओळखण्याची ताकद ०.५ ते १ अशी मोजतात, ०.५ म्हणजे नाणं उडवणं आणि १ म्हणजे अचूक भविष्य. अशी एकेकटी गुणोत्तरं बहुतेक ०.६ ते ०.७ च्या घरात राहतात.

याच कुळातलं एसआयआय नावाचं एक गणित आहे. प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट. जास्त म्हणजे वाईट. आता सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक आणि व्रणांनी भरलेलं झाल्यावर, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. वडिलांच्या प्लेटलेट १ लाख २८ हजार आहेत, त्या त्यामुळेच कमी असाव्यात. प्लेटलेट कमी म्हणून एसआयआय कमी, आणि कागदावर ‘उत्तम’. पण प्लेटलेट कमी असणं ही पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढल्याची खूण असू शकते, ती लिव्हरच्या रुग्णासाठी मुळीच चांगली बातमी नाही. तोच आकडा एका सूत्रात शाबासकी मिळवतो आणि दुसऱ्यात नापास होतो. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू झाला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात, लिंफोसाइटची टक्केवारी वर जाते आणि एनएलआर झकास खाली येतो. म्हणून काय एडिस डासाचे आभार मानायचे?

आता जे आकडे मी खरंच बघतो त्यांच्याकडे येतो. फाइल उघडताना माझ्या डोक्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात: गाठीचा स्वभाव काय होता, उरलेलं लिव्हर कितपत धड आहे, आणि मूळ आजार अजून चालू आहे का. एका रक्ताच्या नमुन्यात तिन्हींची उत्तरं मिसळलेली असतात, आणि बहुतेक गोंधळ एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्याने होतो.

गाठीबद्दल बोलणारं मुख्य रक्त म्हणजे एएफपी. गर्भातल्या बाळाचं लिव्हर हे प्रथिन बनवतं, जन्मानंतर ते जवळपास बंद होतं, आणि लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा सुरू करतात. मॉस्कोत गॅरी अबेलेव यांनी १९६३ मध्ये हे उंदरांत दाखवलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना ते रुग्णांच्या रक्तात सापडलं. एवढं जुनं असूनही त्याला पुरता पर्याय मिळालेला नाही. ऑपरेशनआधी ४०० च्या वर असेल तर गाठ आक्रमक असण्याची, बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याची शक्यता जास्त धरतात. वडिलांचं ६४० होतं, म्हणजे हा मुद्दा त्यांच्या विरुद्ध जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पण त्यानंतरची उतरण त्यांच्या बाजूची आहे. रक्तातलं एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं. ते बनवणारी गाठ पूर्ण निघाली असेल तर नवीन माल येत नाही, आहे तेवढंच झिजत जातं. ६४० चे ३२०, १६०, ८०, ४०, २०, १०. पस्तीस दिवसांत, सात दिवसांचा वेग धरला तर २० यायला हवं आणि पाच दिवसांचा धरला तर ५. वडिलांचं १४ आहे, बरोबर या पट्ट्यात. याचा अर्थ एएफपी बनवणारी मोठी वस्ती मागे राहिलेली दिसत नाही. अजून चार आठवड्यांनी ते एक अंकी व्हायला हवं. माझ्या लेखी तुमच्या सगळ्या फायलीतला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे, आणि तुम्ही तो प्रश्नात ओझरता लिहून एनएलआरवर दोन पानं खर्च केली आहेत.

एएफपी पुढे दर तीन महिन्यांनी करताना एकाच लॅबमधून करा. वेगवेगळ्या मशीनचे आकडे जुळत नाहीत. आणि एकक वाचा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिली देतात, काही आययू प्रति मिली. एक आययू म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. तेव्हा एका लॅबचे १० आणि दुसरीचे १२.१ हे एकच रक्त असू शकतं, आणि त्यावरून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तीही नोंद द्या, कारण काही मशीनवर बायोटिनमुळे एएफपी खोटं कमी दिसतं.

चढायला लागलं तर किती चढलं की घाबरायचं? ४०० ची वाट बघू नका, तो आकडा या कामासाठी नाहीच. ६ वरून ११, मग २३, असा जिना दिसला की लगेच ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय. त्याच नमुन्यात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, किती आहे तेही बघायचं. एसजीपीटी उसळलेलं असेल तर हिपॅटायटिस भडकून, लिव्हर स्वतःला सावरताना एएफपी थोडं वाढलेलं असू शकतं. एसजीपीटी शांत आणि एएफपी चढतं, तर ती चढण मला जास्त खटकते.

साधारण तीस ते चाळीस टक्के गाठी एएफपी बनवतच नाहीत. अशा रुग्णांत पिव्का-टू नावाची तपासणी उपयोगी पडते, ४० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. मात्र वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा व्हिटॅमिन के कमी असेल तर ती कॅन्सर नसतानाही वाढते. तुमच्या वडिलांची गाठ एएफपी बनवणारी होती, तेव्हा पाळत ठेवायला एएफपी पुरेसं आहे. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांच्या ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’मध्ये सीईए, सीए १९-९, सीए १२५ असा जो गुच्छ असतो तो घेऊ नका. कावीळ असली की सीए १९-९ वाढतं, पोटात पाणी झालं की सीए १२५ वाढतं, आणि मग तुम्ही पुढचा महिनाभर आतड्याचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर शोधत फिरता.

दुसरा प्रश्न उरलेल्या लिव्हरचा. इथे नातेवाईक फसतात, कारण डिस्चार्ज कार्डवर ‘चाइल्ड ए’ लिहिलेलं असतं आणि ‘ए’ म्हणजे पहिला वर्ग असं वाटतं. चाइल्ड-प्यू ही सिरॉसिसमध्ये लिव्हर कितपत काम करतं हे ठरवणारी १९७३ पासूनची मोजपट्टी आहे आणि तिच्या ‘ए’मध्ये बरीच वेगवेगळी लिव्हर एकत्र बसतात. फिलिप जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एएलबीआय नावाचं मोजमाप दिलं, त्याला फक्त बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) आणि अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) लागतं. वडिलांचं ऑपरेशनआधीचं करून दाखवतो. बिलिरुबिन ०.९, त्याला १७.१ ने गुणायचं म्हणजे १५.४ मायक्रोमोल. त्याचा लॉग १.१८७. गुणिले ०.६६, आलं ०.७८. अल्ब्युमिन ३.७, म्हणजे लिटरला ३७ ग्रॅम, गुणिले ०.०८५, आलं ३.१४५, ते वजा करायचं. उत्तर उणे २.३६. उणे २.६० किंवा त्याहून खाली असेल तर पहिली श्रेणी, उणे १.३९ पर्यंत दुसरी, त्याच्या वर तिसरी. वडील चाइल्ड ‘ए’ आहेत पण एएलबीआयच्या दुसऱ्या श्रेणीत. अल्ब्युमिन ४.० असतं तर काठाने का होईना, पहिल्या श्रेणीत गेले असते.

हा आकडा मी एनएलआरपेक्षा कितीतरी जास्त मानतो, आणि त्याचं कारण सहसा कुणी रुग्णांना सांगत नाही. लिव्हरचा कॅन्सर काढल्यावर पाच वर्षांत तो पुन्हा दिसण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं. ऐकायला भयंकर आहे. पण नीट निवडलेल्या रुग्णांत पाच वर्षं जगणारे ५० ते ७० टक्के असतात. हे दोन आकडे एकत्र कसे बसतात? कारण पुन्हा आलेली गाठ लहान असताना पकडली तर तिच्यावर इलाज असतो: पुन्हा ऑपरेशन, सुई घालून जाळणं, रक्तवाहिनीतून औषध सोडणं, काहींना ट्रान्सप्लांट. यातलं काय झेपेल हे उरलेलं लिव्हर ठरवतं. गाठ परत येईल का याचा अंदाज एएफपी आणि काढलेल्या गाठीची तपासणी देतात. परत आली तर माणसाला किती संधी मिळतील, हे अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन सांगतात. जगण्याचा अंदाज या दोन्हींतून बनतो, म्हणून एकाच आकड्यात त्याला पकडायला गेलं की हातात काही येत नाही.

अल्ब्युमिनवरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. अल्ब्युमिन कमी आहे म्हणून बाटल्या चढवण्याचा आग्रह धरू नका. पोटातलं पाणी काढताना किंवा विशिष्ट इन्फेक्शनमध्ये अल्ब्युमिन द्यावं लागतं, ते वेगळं. नुसता आकडा सुधारायला चढवलं तर रिपोर्ट काही दिवस छान दिसतो, लिव्हर आहे तिथेच राहतं, आणि तुमचे पैसे जातात. शिवाय अल्ब्युमिन मोजायच्या दोन रासायनिक पद्धती प्रचलित आहेत आणि एक पद्धत दुसरीपेक्षा आकडा जास्त दाखवते, तेव्हा ३.७ चे ३.५ झाले म्हणून लगेच काही बिघडलं असं धरू नये. इथेही एकच लॅब.

खाण्यावर मात्र लक्ष द्या. लिव्हरचं दुखणं म्हटलं की आपल्याकडे तूप बंद, डाळ पातळ, अंडी बंद, आणि दिवसभर मऊ भात नाहीतर उसाचा रस. अशाने स्नायू झडतात. सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला ७८ ते ९७ ग्रॅम, म्हणजे दोन वाट्या वरणात ते भागत नाही. अंडी, पनीर, दही, उसळ, जमेल ते सगळं हवं. आणि झोपण्याआधी काहीतरी खायला द्या, कपभर दूध आणि एखादा लाडूसुद्धा चालेल, कारण रात्रभराच्या उपासात हे लिव्हर स्नायूंवर हात मारतं. मधुमेह असेल तर तो लाडू डायटिशियनला विचारून. गुळवेलीचा काढा बंद करा. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्यांत लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत, आणि ऑपरेशन झालेल्या लिव्हरवर असले प्रयोग करायची ही वेळ नव्हे.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीचं बिलिरुबिन आणि प्रोथ्रोम्बिन (रक्त गोठण्याची तपासणी) याला सर्जन फार मान देतात. प्रोथ्रोम्बिन ५० टक्क्यांखाली आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर, म्हणजे अंदाजे ३ च्या वर, असं दोन्ही एकदम झालं तर लिव्हर फेल होण्याचा धोका फार मोठा; फ्रान्समधल्या सर्जननी २००५ साली हा नियम मांडला. वडील तो टप्पा पार करून घरी आले आहेत, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

तुम्ही रक्ताचा प्रत्येक आकडा पाठवलात, पण काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट पाठवला नाहीत. गाठीच्या स्वभावाबद्दल सर्वांत भरवशाची माहिती त्यातच आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरला आहे का, मुख्य गाठीशेजारी छोट्या उपगाठी आहेत का, कड मोकळी आहे का, पेशी कितपत बिघडलेल्या आहेत, आणि गाठीबाहेरच्या लिव्हरमध्ये सिरॉसिस कितपत आहे, हे बघायचं. पहिल्या दोन वर्षांत परतणारा कॅन्सर बहुधा मूळ गाठीतून निसटलेल्या पेशींचा असतो, आणि त्याचा अंदाज या रिपोर्टवरून लागतो. दोन वर्षांनंतर येणारी गाठ बऱ्याचदा सिरॉसिसच्या जमिनीत उगवलेली नवी असते. ऑपरेशननंतर लवकर गाठ परतण्याचा अंदाज देणारं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं एक मॉडेल आहे. लिंग, एएलबीआय, एएफपी, गाठीचा आकार आणि संख्या, आणि ऑपरेशननंतरच्या आवृत्तीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांची स्थिती, एवढं त्यात घेतात. त्यात एनएलआर नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

आता तिसरा प्रश्न, आणि या फायलीत मला खटकलेली खरी गोष्ट. हिपॅटायटिस बी आहे, पण एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, किती आहे हे कुठेच नाही. औषधांच्या यादीत टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूवरची औषधंही नाहीत. एखादा कागद स्कॅन करायचा राहिला असेल तर उत्तम. नसेल तर उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. या विषाणूवर औषध चालू असलं की गाठ परतण्याचं प्रमाण घटतं आणि लिव्हर टिकतं. एनएलआर तुम्ही बदलू शकत नाही, एएफपी नुसतं बघत बसायचं असतं. या एका आकड्यावर मात्र रोजच्या एका गोळीने परिणाम होतो. डीएनए ‘आढळला नाही’ असा रिपोर्ट आला की लोक गोळी बंद करतात. ती बंद करायची नाही. बंद केल्यावर विषाणू उसळून काही आठवड्यांत कावीळ होऊन लिव्हर कोसळलेले रुग्ण येतात, आणि तेव्हा कॅन्सरचा प्रश्नच मागे पडतो. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, जो २०१८ मध्ये सुरू झाला, सरकारी उपचार केंद्रांवर ही औषधं मोफत मिळतात.

इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनांचं. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी ऑपरेशननंतर वर्षभर द्यावी का, यावर मोठी चाचणी झाली. २०२३ साली पहिले निकाल आले तेव्हा गाठ परतणं लांबतंय असं दिसलं आणि सगळीकडे उत्साह पसरला. २०२४ मध्ये अधिक काळाचे निकाल आले आणि तो फायदा टिकला नाही. त्याआधी सोराफेनिबच्या गोळ्याही याच कामासाठी वापरून पाहिल्या, २०१५ साली त्या निष्फळ ठरल्या. तेव्हा आज ‘खबरदारी म्हणून’ लाखो रुपयांची ही इंजेक्शनं घ्या असं मी सांगणार नाही, आणि एनएलआर जास्त आहे या कारणाने तर नाहीच. हिस्टोपॅथॉलॉजी फार वाईट निघाली तर ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) चर्चा करावी, एखादी चाचणी चालू असेल तर तिच्यात भाग घेण्याचा विचार करावा. रक्तातला कॅन्सरचा डीएनए शोधणाऱ्या महागड्या लिक्विड बायोप्सीबद्दलही माझं मत हेच: विज्ञान रंजक आहे, पण ती पॉझिटिव्ह आली आणि स्कॅन स्वच्छ निघालं तर पुढे नेमकं काय करायचं याचं ठरलेलं उत्तर आज नाही.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एएफपी, एलएफटी आणि ट्रायफेजिक सीटी किंवा एमआरआय, नंतर सहा महिन्यांनी. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत, तेव्हा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एन्डोस्कोपी झाली नसेल तर तीही विचारा. एक साधी वही करा. तारीख, एएफपी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट, एवढेच रकाने. एनएलआरचा रकाना ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्याशेजारी ‘ताप, सर्दी, स्टिरॉइड’ असाही एक ठेवा.

किती वेळ आहे, याचं उत्तर मी वर्षांत देणार नाही. हिस्टोपॅथॉलॉजी आणि डीएनए पाठवा, मग शक्यतांबद्दल अधिक नेमकं बोलता येईल. आज एवढंच म्हणतो की ६४० आणि ५.५ सेंटिमीटर हे विरोधातले मुद्दे, एकच गाठ असणं, एएफपीची उतरण आणि बिलिरुबिन ०.९ हे बाजूचे.

शेवटचं तुमच्याबद्दल. हिपॅटायटिस बी पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणी घरातून येतो. वडिलांची भावंडं, तुमची आई, तुम्ही आणि तुमची मुलं, सगळ्यांच्या एचबीएसएजी (विषाणू आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी (पूर्वी संसर्ग झाला का) या रक्ततपासण्या या आठवड्यात करून घ्या. तिन्ही निगेटिव्ह आले तर ०, १ आणि ६ महिन्यांनी लशीचे तीन डोस. कुणाचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर त्यांना घेऊन या, त्यांची पहिली सोनोग्राफी, डीएनए आणि एएफपी आपण तेव्हाच करू.